कनेक्टेड पॅक घ्यावा का? जळगावच्या उन्हात वापरून सांगतो

आधीच सांगतो, हा गाडीचा रिव्ह्यू नाही. गाडी पळते किती, सस्पेन्शन कडक का मऊ, डिकीत किती बॅगा बसतात, ते सगळं यूट्यूबवर ढिगाने पडलंय आणि तिथे सगळ्यांना सगळ्याच गाड्या आवडतात. मी लिहून राहिलो ते गाडीच्या आत बसवलेल्या सिमकार्डाबद्दल. म्हणजे ते ॲप, ते अपडेट, ते 'कनेक्टेड फीचर्स', ज्याच्यावर शोरूमवाला अर्धा तास आपलं डोकं खातो आणि तीन वर्षांनी त्याचंच बिल पाठवतो. माझी फुकटची मुदत संपत आलीये, रिन्यू करायचं का नाही यावर आमच्या ईव्हीवाल्या दोस्तांत रोज चर्चा, म्हणून म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकू. कंपनीचं नाव टाकत नाही. एक तर भांडण नको, आणि दुसरं म्हणजे भुसावळचे डॉक्टर वेगळ्या कंपनीची चालवतात, फैजपूरच्या नानांची तिसरीच, आणि तिघांचं रडगाणं साधारण एकच आहे.

माझी औषधांची एजन्सी आहे. गोडाऊन जळगावात, आणि चोपडा, यावल, एरंडोल, धरणगाव अशी फेरी कायम चालू, मधूनच धुळे. बॅटरी ४५ केडब्ल्यूएचची (म्हणजे ४५ युनिट वीज मावते), घरी पोर्चमध्ये चार्जर, बाहेर फास्ट चार्जिंगला क्वचित लावतो. म्हणजे ज्याला गाडी रोज लागते पण गाडीशी खेळायला वेळ नाही असं गिऱ्हाईक समजा.

जे चांगलं ते आधी. लांबून एसी चालू करणं. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे नखरे वाटत असतील, आपल्याकडे ही गरज आहे भो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो हे काय मी सांगायला पाहिजे का. चोपड्याच्या बाजारात दुपारी सावलीतली पार्किंग मिळणं म्हणजे लग्नात पहिल्याच पंगतीला पाट मिळण्यासारखं आहे, मिळालं तर नशीब. उन्हात तासभर उभी राहिलेली गाडी उघडली की आतून जी धग येते ती थेट डोळ्यावर येते, सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका देतं, स्टीअरिंग रुमालात धरावं लागतं. आता मी काय करतो, शेवटच्या दुकानात बिल फाडता फाडता फोन काढतो, पंख्याचं चित्र दाबतो, २२ वर लावतो, दुकानदाराचा चहा संपेपर्यंत गाडी बसण्यासारखी झालेली असते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत यासाठी इंजिन चालू सोडावं लागतं, इथे कॉम्प्रेसर सरळ मोठ्या बॅटरीवर चालतो, धूर नाही आवाज नाही, दहा मिनिटांना अर्ध्या युनिटच्या आसपास वीज जाते. पाचेक रुपये पकडा. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पैसे द्यायला तयार आहे, हे लिहून ठेवा.

पण.

दाबलं की चालू झालं असं होत नाही. गोल गोल फिरत राहतं, 'कमांड पाठवत आहे', 'कमांड पाठवत आहे', मग मिनिटभराने 'गाडीशी संपर्क होऊ शकला नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा'. अरे थोड्या वेळाने मी गाडीतच बसलेलो असणार ना. याचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपला फोन गाडीशी बोलतच नाही. फोन कंपनीच्या सर्व्हरला सांगतो, सर्व्हर मोबाईल टॉवरमार्फत गाडीतल्या ई-सिमला उठवतो, ते सिम ज्या डब्यात असतं (टेलिमॅटिक्स युनिट म्हणतात) तो डबा झोपलेल्या गाडीला जागं करतो, मग गाडी दरवाजे लागलेत का, बॅटरी पुरेशी आहे का ते बघते आणि मग कुठे एसीचा नंबर लागतो. म्हणजे तुम्ही गाडीपासून दोन फुटांवर उभे असाल तरी तुमचा निरोप कुठल्या तरी लांबच्या शहरातून फिरून येणार. आणि त्यात नेट दोन लागतात, तुमच्या फोनचं वेगळं आणि गाडीचं वेगळं. गाडीचं सिम कोणत्या नेटवर्कचं हे कंपनीने ठरवलेलं, ते आपण पोर्ट करू शकत नाही. त्यामुळे उनपदेवला, पालकडे, सातपुड्याच्या पायथ्याला माझ्या फोनला रेंज आणि गाडीला काही नाही असं सर्रास होतं. मार्केटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तर विषयच सोडा.

डॉक्टरांच्या गाडीला मात्र चावीच्या रिमोटवरच एसी चालू करायचं बटण आहे. नेट नाही, सर्व्हर नाही, सबस्क्रिप्शन नाही. दवाखान्याच्या खिडकीतून दाबतात आणि खाली येतात. मला तर वाटतं अख्ख्या चर्चेचं उत्तर त्या एका बटणात आहे. पण बटणाचं दरवर्षी बिल लावता येत नाही, म्हणून ते सगळ्यांना देत नसतील.

आता अपडेट. आमचे आबा अमळनेरकडे गावी असतात, मी फोनवर सांगितलं की गाडीचं अपडेट चालू आहे, तर म्हणे, "गाडीले बी अपडेट लागस का रे?" त्यांच्या ट्रॅक्टरला आजवर ऑइल आणि ग्रीस सोडून काही लागलेलं नाही. लागतं आबा. या गाडीत बॅटरीवर लक्ष ठेवणारा एक कॉम्प्युटर, मोटर चालवणारा दुसरा, चार्जिंगचा तिसरा, स्क्रीनचा चौथा, आणि प्रत्येकात सॉफ्टवेअर. त्यातलं स्क्रीनवालं अपडेट, म्हणजे गाणी, मॅप, कॅमेरा वगैरे, हवेतून येतं, त्याला ओटीए म्हणतात. खोलातलं, म्हणजे बॅटरी आणि मोटरचं, ते माझी कंपनी अजून सर्व्हिस सेंटरलाच करते, स्टीअरिंगखालच्या पोर्टला लॅपटॉप जोडून, आणि गाडी अर्धा दिवस अडकते. शोरूममध्ये विकताना दोन्हीला 'ओटीए आहे ना सर' असंच सांगतात, तिथे नीट विचारा, कोणतं हवेतून आणि कोणतं लॅपटॉपने.

गेल्या वेळचं सांगतो. रात्री जेवण झाल्यावर गाडी पोर्चमध्ये लावायला गेलो तर स्क्रीनवर निळी पट्टी, 'नवीन अपडेट उपलब्ध, अंदाजे ४० मिनिटे, या काळात गाडी चालवता येणार नाही'. खाली अटी, गाडी पार्कमध्ये पाहिजे, चार्जरची पिन काढलेली पाहिजे, छोटी (१२ व्होल्टची) बॅटरी चांगली पाहिजे. दाबलं. स्क्रीन काळी, आत कुठला तरी फॅन सुरू, मग लोगो, मग टक्के. ६२ वर येऊन जे थांबलं ते थांबलंच. गाडी लॉक होईना, दिवे विझेनात. बायको दारात उभी, "सकाळी भुसावळला स्टेशनवर जायचंय, आजच का सुचलं तुम्हाला?" मी तिला सांगून राहिलो की चांगल्या सिस्टीममध्ये जुनी प्रत तशीच ठेवून नवी शेजारी टाकतात, बिघडलं तर जुनीवर परत जाते, काही होत नाही. तिला त्यात काडीचा इंटरेस्ट नव्हता. शेवटी झालं ते, ४० मिनिटांचा दीड तास करून. आणि एवढं करून बदललं काय? स्क्रीनवर एक ओळ, 'सिस्टीमची स्थिरता वाढवली, किरकोळ दुरुस्त्या केल्या'. बस.

सकाळी कळलं काय बदललं ते. मी रीजन (रीजनरेटिव्ह ब्रेकिंग) कायम तीनवर ठेवतो, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी स्वतः हळू होते याची पायाला सवय झालेली. अपडेटने ते गुपचूप एकवर आणून ठेवलं होतं. अजिंठा चौफुलीला पाय उचलला तर गाडी आपली पुढेच, ब्रेक दाबला म्हणून ठीक, पण पुढे ट्रक होता. त्याशिवाय मी बंद केलेला, लेन सोडली की वाजणारा पिंग-पिंग परत चालू, फोन वायरलेसने जोडायचा बंद. गाडीची चाल बदलणारी सेटिंग अपडेटनंतर बदललेली असेल तर ती ठळक अक्षरात सांगायला नको का? युरोपात यासाठी नियम आहे, संयुक्त राष्ट्रांचा आर १५६, अपडेट टाकण्याआधी गाडीवाल्याला त्याचा हेतू काय, गाडीच्या कामात काय बदल होणार, वेळ किती लागणार हे सांगावं लागतं, आणि जुलै २०२४ पासून तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांना तो लागू आहे. आमच्याकडे एक ओळ मिळते, तीही अशी की कोणत्याही अपडेटला चिकटवता येईल.

रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते त्याचा, विषय निघाल्याशिवाय ईव्हीवाल्यांचा चहा संपत नाही. पाचोऱ्याचे एक सर आहेत आमच्यात, त्यांचं ठाम मत की अपडेटनंतर त्यांची रेंज पडली, कंपनीने मुद्दाम कमी केली, नवी मोठी बॅटरीवाली खपवायला. मला हे पटत नाही. त्यांचं अपडेट आलं आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास. तोवर आपल्याकडे ऊन कसं असतं? एसी फुल, त्यात बॅटरी थंड ठेवायला गाडी वेगळी वीज खाते, आणि वरून अपडेटने मागच्या सरासरीची नोंद पुसली की स्क्रीनवरचा आकडा काही दिवस वेड्यासारखा वरखाली होतो. तो आकडा म्हणजे अंदाज आहे, टाकीतली काडी नाही. शिवाय त्यांची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, ८० टक्के आणि ५० टक्के यात फारसा फरकच दिसत नाही, त्यामुळे बॅटरीच्या कॉम्प्युटरला टक्केवारी ओळखणं अवघड जातं. त्यांना सांगितलं, सर, चार्ज खाली उतरू द्या आणि घरच्या स्लो चार्जरवर एकदा १०० पर्यंत नेऊन पिन तशीच राहू द्या, सेल एकसारखे होतील आणि आकडा जागेवर येईल. त्यांनी केलं, बराच फरक पडला, पण संशय गेलेला नाही. जाऊ दे, सरांचा संशय सरांना लखलाभ.

उलटं उदाहरणही आहे ना. टाटाने २०२३ च्या सुरुवातीला नेक्सॉन ईव्ही मॅक्सची कागदावरची रेंज ४३७ वरून ४५३ किलोमीटर केली, बॅटरी तीच, आणि ज्यांनी आधी घेतली होती त्यांनाही ते सॉफ्टवेअर फेब्रुवारीपासून डीलरकडे टाकून मिळालं. असं असावं अपडेट. काय मिळालं ते एका आकड्यात सांगता येतं. आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाच्या २० लाखांवर गाड्यांचा ऑटोपायलटचा रिकॉल झाला, त्याची दुरुस्ती हवेतून गेली, दुरुस्तीसाठी गाड्यांची रांग लावावी लागली नाही. आमच्या धुळ्या-नंदुरबारच्या माणसाला ज्याचं सर्व्हिस सेंटर दोन तासांवर आहे, त्याला याची किंमत विचारा. शहाद्याचा एक जण फक्त लॅपटॉपवालं अपडेट टाकायला दिवस मोडून आला होता, दुपारी शेवभाजी खाऊन परत गेला, तेवढाच फायदा.

छोट्या बॅटरीचं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. ईव्हीत पण पेट्रोल गाडीसारखी १२ व्होल्टची बॅटरी असते, दारं, स्क्रीन, आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर सगळं तिच्यावर. फैजपूरच्या नानांच्या गाडीत एका अपडेटनंतर तो टेलिमॅटिक्सचा डबा झोपायचाच बंद झाला, गाडी बंद असली तरी आत त्याचं चालूच. केळीचा सीझन, नाना बागेत, गाडी दोन-तीन दिवस शेडमध्ये उभी. चौथ्या दिवशी गेले तर दारच उघडेना. मोठी बॅटरी पाऊण भरलेली आणि गाडी मेलेली. यांत्रिक चावीने दार उघडलं, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायर लावून जागी केली (ध्रुव नीट बघून बरं का, उलटं लावलं तर महागात पडेल). टोल फ्रीवाली मुलगी म्हणे सर ॲपमधून गाडीचं स्टेटस चेक करा. नाना म्हणे, बाई, गाडी मेली तर ॲप काय तिच्या आत्म्याशी बोलणार का? पुढच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं, म्हणजे झालं असावं, कारण त्यात पण 'किरकोळ दुरुस्त्या' एवढंच लिहिलं होतं.

दुसरं फीचर जे मला मनापासून आवडलं ते म्हणजे चार्जिंग थांबल्याची सूचना. रात्री अकराला पिन लावून झोपलो आणि बाराला लाईट गेली तर पूर्वी सकाळीच कळायचं. आता फोन वाजतो. लाईट आली की चार्जिंग आपोआप पुढे सुरू होतं, आणि सुरू झालं की परत फोन वाजतो, ते रात्री तीनला वाजतं हा भाग वेगळा. व्होल्टेज पडलं तर गाडी स्वतः करंट कमी करते, किती घेऊन राहिली ते ॲपमध्ये दिसतं. वेळ लावून चार्ज करायची सोय पण कामाची, कारण महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटरवाल्या (वेळेप्रमाणे दर लावणारा मीटर) घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे सवलत सुरू केलीये, रविवारी गाडी घरी असेल तर दिवसा लावायची. ही वेळ गाडीच्या स्क्रीनवर पण सेट होते, त्याला नेट लागत नाही. शाब्बास.

बाकीचं पटकन उरकतो. आवाजी असिस्टंटला 'एसी वाढव' समजतं, 'धरणगाव' म्हटलं की भलतीकडे नेतं. गाडीतला ऑनलाईन मॅप कन्नड घाटात पांढरा पडतो, फोनमध्ये ऑफलाईन मॅप उतरवून ठेवा. ॲपमधला चार्जरचा नकाशा सुंदर आहे फक्त चार्जर चालू आहे का बंद ते त्याला कळत नाही, आम्ही अजून हॉटेलवाल्याला फोन करूनच निघतो. जिओफेन्स म्हणजे ठरवलेल्या हद्दीबाहेर गाडी गेली की फोनवर घंटी, हे चोरीसाठी आहे पण आमच्या घरी मुलासाठी वापरलं जातं. कॉलेजला म्हणून निघाला आणि गाडी मेहरूण तलावावर. तो म्हणतो प्रायव्हसी. मी म्हटलं तू गाडीचा हप्ता भर, मग प्रायव्हसी. पण त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, जे मला दिसतं ते सगळं कंपनीलाही दिसतं, मी कुठे जातो, किती वेगाने, कुठे थांबतो. गाडी विकताना ॲपमधून आपलं खातं आठवणीने काढा, नाहीतर नव्या मालकाचा एसी तुम्ही जळगावात बसून बंद करू शकाल.

आता मूळ प्रश्न, पैसे भरायचे का. माझी भीती वर्षाच्या रकमेची नाही, पुढची आहे. ब्रिटनमध्ये निसान लीफच्या मे २०१९ च्या आधीच्या गाड्यांचं ॲप १ एप्रिल २०२४ पासून बंद झालं, कारण त्यांच्यात जुनं २जीचं युनिट आणि तिकडे २जी गुंडाळायला निघालेत. गाड्या ठणठणीत चालू, पण फोनवरून एसी आणि चार्जिंगचं स्टेटस गेलं. काही गाड्यांना तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. आपल्याकडे माणूस गाडी दहा-बारा वर्षं वापरतो, मग भाच्याला देतो. कंपनी बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी छातीठोकपणे देते, ॲप किती वर्षं चालेल ते कागदावर कुठेच नाही. मी शोरूमला विचारलं तर मॅनेजर म्हणे, "भाऊ, ते हेड ऑफिस ठरवतं."

म्हणून माझं मत असं. गाणी-हवामान-क्रिकेट स्कोअरवाला मोठा पॅक अजिबात घेऊ नका, ते सगळं खिशातल्या फोनमध्ये फुकट आहे. फक्त रिमोट एसी आणि चार्जिंगची सूचना असलेला छोटा पॅक मिळत असेल तर एका वर्षाचा घ्या, तीन वर्षांचा एकदम भरून सवलत मिळते त्या मोहात पडू नका. ज्यांना नवी घ्यायचीय त्यांनी चावीवरून एसी चालू होतो का ते आधी बघा, आणि टेस्ट ड्राईव्हच्या वेळी फोनचं नेट बंद करून गाडीचं काय काय चालतं ते शोरूमच्या दारातच तपासा. अपडेट शनिवारी रात्री टाका, त्याआधी रीजन आणि बाकी सेटिंगच्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. स्टार द्यायचे तर गाडीला साडेचार, ॲपला तीन, अपडेटच्या माहितीला अर्धा. माझं रिन्यूअल मार्चमध्ये आहे, एप्रिल-मे-जूनपुरताच पॅक मिळतो का म्हणून कस्टमर केअरला मेल टाकलाय, काय उत्तर येतं ते इथेच खाली टाकतो.